पारा चढतच राहिला
इंजेक्शनाआधी नर्सने दंडावर स्पिरिटचा बोळा फिरवला आणि त्या वासासरशी मला हिंगोलीकडची आमची बारावीची प्रयोगशाळा आठवली. स्पिरिट जळताना किती उष्णता देतं, ते मोजायचं होतं. वाऱ्याने माप चुकू नये म्हणून सरांनी खिडक्या लावून घेतल्या होत्या, आणि दिव्याच्या एका बाजूला पत्रा धरून मी बसले होते. तावदानातून दुपारचं ऊन थेट दिव्यावर पडत होतं. सरांनी फुंकर मारली, ज्योत दिसेनाशी झाली, आणि पुन्हा स्पिरिट भरायला ते बाटली उघडून वाकले. वरच्या डब्यातल्या पाण्याचं तापमान बघणारी माझी मैत्रीण, तांड्यावरून येणारी, हळूच म्हणाली, "सर, पारा अजून चढून राहिला." "विझल्यावर बी थोडा चढतो," सर म्हणाले. "थोडा न्हाई सर, थांबतच न्हाई!" असं ओरडून तिने त्यांचं मनगटच धरलं. सर संतापले; तरी बाटली दूर ठेवून त्यांनी कागदाचं टोक वातीजवळ नेलं. उन्हात काहीच दिसत नव्हतं, पण कागद काळा पडला आणि भसकन पेटला. सरांनी बाटलीला घट्ट बूच लावलं. माझा चेहरा वातीपासून वीतभरच दूर होता. आज आरशात तो नीट दिसतो, तेव्हा कधीकधी मला तिची ती घट्ट आवळलेली बोटं दिसतात.