टँकरमागं बादली

मी शिकायला पोलंडला गेलतो. तिथल्या कॉलेजानं मला सहा महिन्यांसाठी स्पेनला धाडलं. युरोपात देशादेशांत पोरांची अशी अदलाबदल चालती. फोनवर वडलांना सांगितलं तर म्हणले, "सावडच की ही. आज आमचे बैल तुमच्या रानात, उद्या तुमचे आमच्या."

वडील गावच्या दूध सोसायटीचे सचिव. तिथल्या चेअरमनची नक्कल मी लई भारी करायचो. ते घसा खाकरले की निम्मी मीटिंग माझ्याकडंच बघायची. स्पेनात मात्र दुकान बंद. खोलीवर फिनलंडची एक पोरगी अन् इटलीचा एक पोरगा. त्यांना चेअरमन करून दाखवला, तर पोरगीनं मधाची बाटली पुढं केली. म्हणली, "घसा दुखतोय का तुझा?"

त्यानंतर महिनाभर मुकाट जेवलो. गावात माझ्याबिगर पंगत हसत न्हाई, अन् इथं मी असून नसून सारखाच.

एका सकाळी खाली पाण्याचा फर्र आवाज आला. बघतो तर टँकर. दुष्काळातल्या माणसाचे पाय आधी पळतेत, डोकं मागून येतं. बादली अन् भाताचं पातेलं उचललं, सवयीनं "चल बे" वरडलो अन् अनवाणी खाली. मागं वळून बघितलं, रांगच न्हाई. टँकरवाला पाईप धरून रस्ता धूत होता. चांगल्या पाण्यानं, रस्ता. त्यानं माझ्याकडं बघितलं, बादलीकडं बघितलं, अन् भरून दिली.

वर आलो तर खिडकीत दोघं उभे. "हे काय होतं?"

इंग्रजी पुरंना, मग गावाकडची टँकरची रांग करूनच दाखवली. केबिनमधी घोरणारा ड्रायव्हर. उलट्या हंड्यावर बसून नंबर धरणारी म्हातारी. कोपरानं वाट काढत थेट पाईपापाशी निघणारी बाई. पोरगी ओट्यावर डोकं टेकवून हसायली. इटलीवाला म्हणला, "ती कोपरवाली परत दाखव."

ती माझी आई होती.

फोनवर आईला सांगितलं. रागवंल वाटलं, तर म्हणली, "त्यांना इकडं आण. सावड हाय ना? कोपर कसं मारायचं, मी शिकवते."

पुढच्या खेपेला टँकर आला तवा इटलीवाला माझ्या आधी दारात, हातात पातेलं.

"चल बे," म्हणला. हुबेहूब माझ्या आवाजात.