रुबिनाचे तीन सर्व्हर

रुबिना गेल्याचा फोन आला तेव्हा मी बेलापूरच्या ऑफिसात होते. तिच्या आईनंच केला होता. "आमची रुबिना गेली, बाय," एवढंच ऐकलं. पुढचं कानात शिरलंच नाही...

रुबिना मूळची श्रीवर्धनकडची, राहायला खांदेश्वरला. काही हॉस्पिटलांची कॉम्प्युटर यंत्रणा आम्ही दोघी सांभाळायचो. तपासण्यांचे रिपोर्ट, औषधांच्या नोंदी, सगळं कितीतरी सर्व्हरवर चालायचं. कुठलं काम कुठं चालवायचं हे तीन मुख्य सर्व्हर ठरवायचे. त्यातले निदान दोन सुरू असले तरच निर्णय होई.

तिची केमो चालू होती तेव्हाची गोष्ट. एका दुपारी त्या तीनपैकी दोन सर्व्हर बंद पडले. चालू कामं चालत होती, पण एखादं पडलं असतं तर ते पुन्हा उभं करणारं कोणी नव्हतं. आमचे साहेब घायकुतीला आले. "सगळं पुसून नव्यानं उभारू."

रुबिना घरून कॉलवर आली. आवाज पार खोल गेलेला. "सर, पुसू नका. तिसऱ्यावर सगळी माहिती आहे. आधी तिची कॉपी घेऊ."

"रुबिना, टाइम नाहीये."

"पुसल्यावर तर काहीच उरणार नाही. मला बघू द्या."

मध्येच ती उलटीला उठून गेली. परतली, आणि सोडलं होतं तिथूनच पुढं सर्व्हरचे लॉग, म्हणजे त्यांच्या कामाच्या नोंदी, वाचू लागली. "जुन्या लॉगनी डिस्क भरलीये गं, बाकी काही नाही." जागा मोकळी केल्यावर एक सर्व्हर उठला, मग दुसरा. "आता झोपते," म्हणाली आणि कॉल सोडला.

ती गेल्यानंतर, गेल्या आठवड्यात, पुन्हा तिथंच गाडी अडली. या वेळी सर्व्हरना एकमेकांची ओळख पटवणाऱ्या सर्टिफिकेटांची मुदत संपली होती. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "पुसायचं नाही. मी बघते." संध्याकाळपर्यंत तिन्ही सुरू झाले.

रविवारी खांदेश्वरला गेले. तिच्या आईला सगळं सांगितलं. "आता सगला चालू हाय ना?" त्यांनी विचारलं. म्हटलं, चालू आहे, पण मुदत संपण्याआधी इशारा मिळायची सोय करायची राहिलीये. त्यांनी खिडकीजवळच्या खुर्चीवरचे कपडे उचलले.

"इथं बस. तिला इथंच नेट बरा मिलायचा."

मी बसले, आणि लॅपटॉप उघडला.