डझनावर एक डबा

गयामावशी गेल्याचा फोन आला तेव्हा मी महिन्याच्या किराण्याची यादी करत होते. फोन रेणुकाचा होता. "मॅडम, मावशी गेल्या," ती म्हणाली. मानवतच्या खोलीत दुपारी जेवून आडव्या झाल्या त्या उठल्याच नाहीत... शेजारीण चहाला बोलवायला गेली तेव्हा कळलं. मी किराण्याचा कागद उलटा केला आणि सवयीनं मागच्या बाजूला लिहायला घेतलं, कोणाकोणाला कळवायचं. दोन-चार नावं झाली आणि पेन थांबलं. मावशींची बहुतेक माणसं अशी, की मी फोन केला असता तर त्यांच्या घरात विचारपूस झाली असती, कोणाचा फोन, कुठली मॅडम. कागद तसाच ठेवला, पर्स उचलली आणि स्टँड गाठलं.

परभणीत आमचं एक छोटं कार्यालय होतं. एका परदेशी संस्थेच्या मदतीवर चालायचं आणि काम होतं एचआयव्हीचं. गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळायच्या, आजही मिळतात. आमचं काम दवाखाना आणि घर यांच्या मधल्या रस्त्याचं. माणसाला तपासणीसाठी तयार करायचं, गोळ्या सुटल्या तर घरी जाऊन पाहायचं, गरोदर बाईला बाळंतपणापर्यंत आणि बाळाच्या तपासण्या होईपर्यंत सांभाळायचं. मी कार्यालयाची व्यवस्था बघायची, आणि गयाबाई, म्हणजेच मावशी, गावोगाव फिरणाऱ्या बायकांपैकी एक. हा आजार त्यांना स्वतःला होता. नवरा त्यातच गेला, सासरचं दार बंद झालं, तेव्हा त्यांनी मानवतला खोली घेऊन बांगड्यांची टोपली डोक्यावर घेतली. संस्थेचं काम त्यानंतर कैक वर्षांनी आलं. हे मी उघड लिहिते आहे, कारण तशी त्यांची परवानगी होती. "मी मेल्यावर खुशाल पेपरात द्या मॅडम," म्हणायच्या, "जितेपणी न्हाई. गिऱ्हाईक तुटंल."

सुरुवातीला संस्थेनं आम्हाला एक पांढरी जीप दिली होती, दारावर एचआयव्हीच्या कामाची खूण असलेली मोठी लाल फीत रंगवलेली. ती जीप गावात शिरली की लोक आधी जीपकडे आणि मग ती कोणाच्या दारात थांबते तिकडे बघायचे. गयाबाई एकदाच तिच्यात बसल्या. फाट्यावरच उतरल्या आणि म्हणाल्या, "ही वरात तुमची तुमी फिरवा." पुढे त्या एसटीनं नाहीतर काळी-पिवळीनं जायच्या, टोपली मांडीवर घेऊन. बांगडीवालीला कुठल्याही घरात मज्जाव नसतो. ती ओसरीवर बसते, बाईचा हात हातात घेते, साबण लावून एकेक बांगडी चढवते, आणि तेवढा वेळ त्या दोघींचं बोलणं खालच्या आवाजात चाललं तर कोणाला त्यात वावगं वाटत नाही. मागच्या खेपेपेक्षा मनगट बारीक झालं असेल तर तेही त्यांच्या हाताला कळायचं. मग दुसऱ्या दिवशी कार्यालयात येऊन मला सांगायच्या, अमुक गावच्या अमकीचं माप उतरलंय, गोळ्या सुटल्यात का बघा. कधी ते खरं निघायचं, कधी ती बाई नुसती उन्हाळ्यानं वाळलेली असायची. मग मी त्यांना चिडवायची, आणि त्या माझ्या भिंतीवरच्या याद्यांकडे बोट करून म्हणायच्या, "तुमच्या यादीत मी कवा मरायची ते बी लिवलं असंल, बगा जरा."

रेणुका त्यांच्याच भागातली. नाव, गाव, नवऱ्याचं काम, सगळं मी इथं बदललं आहे. लग्नाला वर्ष झालं नव्हतं, दिवस गेले, दवाखान्यात तपासणी झाली आणि नवरा-बायको दोघांनाही आजार निघाला. दोघांनी गोळ्या सुरू केल्या, पण घरात सासू होती आणि सासूला काही माहीत नव्हतं. कळलं तर रेणुकाला माहेरी धाडतील, असं नवराच म्हणायचा. माहेर लांब, तिथं विचारणारं कोणी नाही. गोळी सुटली तर तिचं आणि पोटातल्या बाळाचं, दोघांचंही अवघड होतं. म्हणजे सगळं एका गोष्टीवर येऊन थांबलं होतं... ती गोळी घरात ठेवायची कुठे? दवाखान्याची बाटली खुळखुळते. रेणुका तिच्यात कापूस भरायची आणि तांदळाच्या कोठीत पुरून ठेवायची.

त्याच सुमारास संस्थेनं सगळ्या रुग्णांना एकेक डबा द्यायचं ठरवलं. निळ्या झाकणाचा, हवाबंद, तळहाताएवढा. हेतू चांगलाच होता, बाटली नको आणि खुळखुळाट नको. पण सगळ्यांना एकसारखा डबा दिला की डबाच माणसाची ओळख होतो, हे परभणीतही कोणाला सुचलं नाही आणि तिकडे समुद्रापलीकडेही नाही. मावशींनी स्वतः तो रेणुकाला नेऊन दिला होता.

पुढच्या खेपेला मावशी ओसरीवर रेणुकाला बांगड्या भरत बसलेल्या. सासू आतून डबा हातात घेऊन आली आणि म्हणाली, "गया, ह्यो डबा सुनंकडं कुठून आला गं? बाजारात तर न्हाई असा." डबा गोळ्यांनी भरलेला होता. रेणुकानं हात मागे घेतला, मावशींनी तो पुन्हा मांडीवर ओढला. मावशींनी मान वर न करता सांगितलं, "मीच दिला की मामी. डझनभर बांगड्या भरल्या की एक डबा फुकट." सासूनं डबा उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाली, "मग मला बी भर डझनभर."

झालं. मावशी संध्याकाळी कार्यालयात आल्या, टोपली ठेवली आणि माझ्यापुढे बसल्या. डबा पाहिजे, म्हणाल्या, उद्याच पाहिजे. मी एक दिला. पण पुढच्या आठवड्यात त्या पुन्हा हजर, कारण आता सगळी आळी डझन-डझन बांगड्या भरून घ्यायला तयार होती आणि प्रत्येकीला डबा हवा होता. मी म्हटलं, मावशी, हे डबे रुग्णांसाठी आहेत, मी ते कुठल्या खात्यात दाखवू? त्या म्हणाल्या, "आता सगळ्या गावाला दिल्याबिगर तिचा एकटीचा झाकत न्हाई." मी हिशेबात 'गोपनीयतेसाठी साहित्य' असं नवीन सदर उघडलं आणि आणखी खोकी मागवली. जोखीम होतीच. वरून कोणी विचारलं असतं, तर बांगड्यांच्या गिऱ्हाइकांना परदेशी मदतीतून डबे का, याचं सरळ उत्तर माझ्याकडे नव्हतं.

विचारायला माणूस आलंच. संस्थेच्या एक उंच, वयस्कर बाई पाहणीला आल्या आणि त्या सदरावर बोट ठेवून थांबल्या. मी दुभाष्यामार्फत सांगू लागले, तर त्या म्हणाल्या, मला प्रत्यक्ष दाखवा. मग मावशींच्या खोलीत त्या पोत्यावर बसल्या. मावशींनी त्यांचा हात मांडीवर घेतला. हात रुंद, हाडं मोठी. पहिल्या दोन बांगड्या फुटल्या. "हात सैल सोडा माय," मावशी म्हणाल्या, "धरून ठिवला की फुटती." दुभाष्यानं सांगितलं आणि बाईंनी हात सैल सोडला. हिरव्या बांगड्या भरून झाल्यावर मावशींनी रीतसर त्यांच्यापुढे निळ्या झाकणाचा डबा ठेवला. त्या खूप हसल्या. ते सदर पुढची काही वर्षं कोणी काढलं नाही.

मग एका साध्या ईमेलवर सगळं थांबलं. दूरच्या कुठल्या राजधानीत काहीतरी निर्णय झाला आणि मदत बंद. मी खुर्च्या, कपाटं, संगणक यांची यादी करून सगळं ज्याचं त्याला सोपवलं. बाकीच्या कार्यकर्त्या दुसऱ्या कामांना लागल्या, त्यांना दोष देता येणार नाही, घर सगळ्यांनाच असतं. काही रुग्ण आमच्या हातून निसटले ते निसटलेच. मावशींना निरोप सांगायला गेले तेव्हा त्या टोपली पुसत होत्या. म्हणाल्या, "गोळ्या सरकारच्या, बांगड्या माझ्या. माझं काय बंद पडलं?" उरलेले डबे मी त्यांच्याच खाटेखाली ठेवून आले. पण उन्हात चालताना त्यांना धाप लागायची, हे तेव्हाच दिसत होतं...

त्या दिवशी मी मानवतला मातीला पोचले तेव्हा गल्ली बायकांनी भरली होती. वालूरकडच्या, पाथरीकडच्या, कुठकुठल्या. एकमेकींना ओळख दाखवत नव्हत्या. शेजारणीनं विचारलं, एवढ्या बाया कोण गं? कोणीतरी म्हणालं, गिऱ्हाईक. सगळं उरकल्यावर नळावर पाय धुताना एक म्हातारी शेजारी आली. रेणुकाची सासू. रेणुका लांब उभी होती, मुलाचा हात धरून. मूल शाळेच्या वयाचं, सगळ्या तपासण्यांमधून निरोगी निघालेलं.

"तुमी डब्याच्या मॅडम न्हवं?" म्हातारीनं विचारलं. तिनं पायावर पाणी ओतलं. "डझनावर असला डबा कोण देतंय माय? बांगड्या स्वस्त अन् डबा महाग. मला तवाच उमगलं."

मी विचारलं, डबा उघडून पाहिला होता का?

"न्हाई. उलटा केला तवाच आत गोळ्या हायत ते कळलं. पोटुशी बाई गोळ्या चोरून खायलीय म्हंजे जगायसाठीच खायलीय न? मग आळीत मीच सांगत सुटले, डबा मिळायलाय, बांगड्या भरा म्हून."

मावशींना हे माहीत होतं का, असं विचारल्यावर ती हसली. "तिला सांगितलं असतं, तर येवढं चांगलं खोटं बोलता आलं असतं का तिला? सुनंला बी सांगू नका. तिला वाटू द्या झाकलेलं हाय म्हून."

हा लेख लिहायचं ठरवलं तेव्हा मी रेणुकाच्या सासूबाईंना गाठून विचारलं, हे छापू का, सून पेपर वाचते. "छापा की," म्हणाल्या, "ज्या त्या सुनंला वाटंल, आपलीच सासू. वाटू द्या." मावशींच्या खाटेखालचे उरलेले डबे त्यांनीच घरी नेले आहेत. संक्रांतीला वाण म्हणून लुटणार आहेत.

एक डबा माझ्या स्वयंपाकघरात आहे, मिठाच्या बरणीशेजारी. त्यात माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या असतात. घरी आलेलं कोणी ना कोणी तो हातात घेतंच, झाकण घट्ट आहे म्हणतं, कुठे मिळाला विचारतं. मी सांगते, डझनभर बांगड्यांवर फुकट मिळाला. माझ्या हातात घड्याळाशिवाय काही नसतं. आजवर पुढचं कोणी विचारलेलं नाही.