मखमलीचा नवा शेजार

लिंबागणेशच्या अलीकडे आमचं गाव. गावातल्या महिला दूध संस्थेचे कॅन मी टेम्पोत घालून बीडला नेत असे, त्यामुळं सत्यभामाकाकूंची आणि माझी रोजची गाठ. दारोदार हिंडून, बायकांना पटवून ही संस्था उभी केली ती त्यांनी आणि त्यांच्या सवतीनं, मनकर्णाकाकूंनी. नवरा अर्जुनराव जाऊन बरीच वर्षं झाली होती. दोघी एकाच घरात, एकाच चुलीवर राहायच्या. अंगानं सत्यभामाकाकू किरकोळ, आवाजही बारीक. पण मारकी म्हैस त्यांच्या हाताखाली गप उभी राहायची.

दोन हजार तेराच्या उन्हाळ्यात विहिरी कोरड्या पडल्या. टँकर आला तरच पाणी. संस्थेनं गावाबाहेर चारा छावणी उघडली आणि आसपासच्या गावांतली जनावरं तिथं येऊन राहिली. छावणीत खरी पंचाईत चाऱ्याची नव्हती, भांडणाची होती. अनोळखी जनावरं शेजारी आली की शिंगं भिडायची. कुणी नवी गाय आणली की सत्यभामाकाकू आधी तिला लांब लिंबाखाली बांधायला लावायच्या. खोकते का, चारा खाते का, अंगावर गोचीड आहे का, हे बघायच्या. मग तिला थोडी जवळ घ्यायच्या, पण शिंग पोचणार नाही इतक्या अंतरावर. धन्याला घाई असायची. "काकू, बांधा की तिथं, कावून येळ लावताव?" असं कुणी म्हणालं की त्या हसून म्हणायच्या, "तुला न्हाई राहायचं रं तिथं, तिला राहायचंय."

आमच्या डेअरीत दुधाची फॅट तपासायला गौसिया होती. इंजिनं आणि मोटारी दुरुस्त करणाऱ्या इसाकभाईंची ही थोरली मुलगी. औरंगाबादला औषधशास्त्र शिकून आली होती. येताना तिनं हॉस्टेलातल्या मैत्रिणीकडून दोन गिनीपिग आणले होते. गावात असलं जनावर कुणी पाहिलं नव्हतं. उंदरापेक्षा मोठं, सशापेक्षा लहान, शेपूट नाहीच. पोरं त्याला बिनशेपटीचा उंदीर म्हणायची. दोन्ही माद्या होत्या. एक तपकिरी, तिचं नाव मखमल. दुसरी काळी.

एप्रिलात पत्र्याच्या घरात भट्टीसारखं तापायला लागलं आणि एका दुपारी काळी गेली. मखमल तेव्हापासून खोक्याच्या कोपऱ्यात तोंड घालून बसली. खाईना, हलेना. गौसियानं तिला डेअरीत आणलं, कारण दूध थंड करायच्या यंत्राजवळच्या खोलीत जरा गारवा असायचा. ती फॅट तपासायची आणि मधूनमधून डोळे पुसायची.

सत्यभामाकाकूंनी खोक्यात वाकून पाहिलं. "ह्ये काय खातंय गं?"

"हिरवं लागतं आजी. गवत, कोथिंबीर, पेरू. त्याच्याबिगर रोगट होतं. पन हिरवं कुठून आणू आता?"

संस्थेनं त्या साली प्लास्टिकच्या ट्रेमध्ये मका उगवायला घेतला होता. मातीशिवाय, थोड्या पाण्यावर, दुभत्या गाईंसाठी. ते ट्रे सत्यभामाकाकूच सांभाळायच्या. त्यांनी कोवळ्या कोंबांची एक जुडी उपटून आणली आणि खोक्याशी फतकल मारून बसल्या. कोंब मखमलीच्या नाकाशी धरला तो धरलाच. हात अवघडला असेल, पण मागं घेतला नाही. अखेर मखमलीनं एक टोक कुरतडलं.

"भुकेली न्हाई ही," काकू म्हणाल्या. "एकली पडलीय. हिला जोड बघ."

जोड मिळाली ती अशी. तिकडं आष्टीच्या बाजूला एक जत्रा होती. दुष्काळामुळं माणूसच फिरकलं नाही. तिथं एक खेळवाला होता. गोलात नंबर घातलेली छोटी छोटी घरं मांडायची, मधे पांढरा गिनीपिग सोडायचा, तो ज्या घरात शिरेल त्या नंबरवाल्याला खेळणं. त्यानं तंबू गुंडाळून गावी जायचं ठरवलं होतं. भाड्यानं टेम्पो नेऊन त्याचं सामान मी एसटी स्टँडवर पोचवलं, तर त्यानं ते पांढरं जनावर माझ्या हवाली केलं. "सांभाळा मामा. बत्ताशी म्हनतो तिला. माझ्याच्यानं आता तिचं पोट भरत न्हाई."

मी बत्ताशी डेअरीत आणली तेव्हा गौसियाचा आनंद काय सांगावा! तिनं तिला छातीशी धरलं आणि तशीच मखमलीच्या खोक्यात सोडली. तिला वाटलं, मखमल एकटी होती, आता खुश होईल.

मखमल ताडकन फिरली. दात कटाकटा वाजले आणि दोघींचा एकच गोळा झाला. गौसियानं मधे हात घातला, तर तिच्याच बोटाला दात लागले. सत्यभामाकाकू धावत आल्या. त्यांनी दाराशी वाळत घातलेला टॉवेल ओढून दोघींवर टाकला आणि टॉवेलासकट बत्ताशीला उचलून बाहेर घेतलं. बत्ताशीचा कान फाटला होता. पांढऱ्या अंगावर रक्त दिसत होतं.

गौसिया रडायलाच लागली. "एवढी एकली होती, मग कावून चावली?"

काकूंनी आधी तिचं बोट धुवायला लावलं. मग खाली बसल्या. "लेकी, मी सवतीवर आलेली बाई हाय. मला इचार. बाहत्तरच्या दुष्काळात मला ह्या घरात आणलं. मनकर्णाबाईला लेकरू न्हाई म्हणून. आणलं आन थेट तिच्या चुलीम्होरं बसवलं. चूल तिची, तवा तिचा, नवरा तिचा. तिनं काय मला ववाळावं? पयल्याच दिशी तिनं माझी पिठाची काटवट फेकून दिली. मी तिच्या हाताला चावले."

मी दचकलो. इतक्या वर्षांत हे कधी कानावर आलं नव्हतं.

"सासरा शाणा," काकू पुढं म्हणाल्या. "त्यानं मधे तुराट्याचा कूड घातला. तिची चूल तिकडं, माझी इकडं. दिसायचं न्हाई नीट, पन आवाज यायचा. ती खोकली की मला कळायचं, मी रडले की तिला. खडी फोडाया दोघी एकाच कामावर जायचो, पन लांब लांब बसायचो. असं कैक दिस गेलं. मग येकदा मला ताप आला तर कुडाच्या फटीतून हात आला. हातात पेजेचा गडवा. मग कूड कुणी काढला ते ध्यानात बी न्हाई."

त्या दिवसापासून बत्ताशीचं सगळं काकूंच्या मतानं चाललं. आधी तिला इसाकभाईंच्या वर्कशॉपमागच्या खोलीत अगदी वेगळं ठेवलं. छावणीवर येणाऱ्या जनावरांच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी सांगितलं, मादीच आहे, काळजी नाही, पण कातडीत खरजेचे किडे आहेत. "एकत्र ठेवलं असतं तर दुसरीलाही लागलं असतं," डॉक्टर म्हणाले आणि औषध दिलं. कान भरून येईपर्यंत आणि खाज पुरती जाईपर्यंत काकूंनी तिला जवळ आणू दिलं नाही. मखमलीला हात लावायच्या आधी गौसियाला हात धुवायला लावायच्या.

मग इसाकभाईंनी एका मोठ्या खोक्याला मधोमध जाळी बसवून दिली. जाळी बारीक, नाक टेकेल पण दात पोचणार नाहीत अशी. इकडं मखमल, तिकडं बत्ताशी. पहिल्यांदा मखमल जाळीवर धावून गेली. काकू म्हणाल्या, "भांडू दे. जाळीसंगं भांडतीय." त्या रोज इकडचं गवत थोडं तिकडं टाकायच्या आणि तिकडचं इकडं, म्हणजे एकीच्या वासाची दुसरीला सवय व्हावी. मक्याचे कोंब दोघींना एकाच वेळी, जाळीला लागून. हळूहळू दोघी जाळीशी अंग टेकून झोपायला लागल्या.

गौसिया म्हणाली, "आजी, आता जाळी काढू?"

"ह्या खोक्यात न्हाई. हे मखमलीचं घर हाय. दोघींची न्हाई अशी जागा पाहिजे."

ती जागा म्हणजे डेअरीचा ओटा. सकाळचं दूध गेल्यावर बायकांनी तो धुऊन काढला. दूध आटल्यानं बरेच कॅन रिकामेच असायचे. ते कडेनं गोल मांडून रिंगण केलं. आत दोन वाट्या पाणी, कोंबांचे दोन ढीग आणि लपायला फुटक्या पाइपचे दोन तुकडे, दोन्ही बाजूंनी उघडे. गौसियानं विचारलं, पाइपच कशाला? काकू म्हणाल्या, "येका तोंडाच्या बिळात कोंडून मारतील. पळाया वाट पाहिजे." टॉवेल त्यांनी मांडीवर घेतला होता.

मनकर्णाकाकूही काठी टेकत आल्या. ऐकू कमी यायचं, पण नजर तिखट. कॅनवर हात ठेवून वाकल्या.

दोघींना सोडलं. मखमलीनं मान वर केली, बत्ताशी जागेवर थिजली. मग मखमल गुरगुरत, ढुंगण हलवत तिच्याभोवती फिरली. दात वाजवले. बत्ताशी पळाली, पाइपात शिरून पलीकडून निघाली. मखमल मागं लागली, तिच्या पाठीवर चढली. बत्ताशी किंचाळली आणि गौसिया उठली. सत्यभामाकाकूंनी तिचं मनगट धरलं.

"रगत आलं का?"

"न्हाई, पन..."

"न्हाई ना? मग बस. सारखं मधी पडलीस तर त्यांचं कधीच ठरायचं न्हाई कोण मोठी ती."

"काय म्हणती ही?" मनकर्णाकाकूंनी मला विचारलं. मी कानाशी तोंड नेऊन सांगितलं. त्या खुदकन हसल्या आणि कोपरावरचा एक जुना वण सगळ्यांना दाखवला. "हिनं चावलं, ते सांगितलं का हिनं? आन मी हिच्या झिंज्या उपटल्या ते?"

"तेवढं राह्यलं सांगायचं," सत्यभामाकाकू म्हणाल्या. ओट्यावरच्या बायका हसून बेजार झाल्या.

तेवढ्या हशातही त्यांची नजर रिंगणावरून हलली नव्हती. ऊन ओट्यावर यायला लागलं तशी त्यांनी वर गोणपाट धरायला लावलं. पळापळी कमी झाली. बत्ताशीनं मान खाली घालून अंग चोरलं. मखमलीनं तिचा फाटून भरून आलेला कान हुंगला, मग तोंड वळवून कोंब खायला लागली. बत्ताशी दुसऱ्या ढिगाकडं गेली नाही. मखमलीच्याच ढिगाशी आली, आणि एका कोंबाची दोन टोकं दोघींच्या तोंडात गेली. गौसिया ओढणीत तोंड लपवून हसत होती की रडत होती, कळलं नाही.

खोकं गरम पाण्यानं घासून, उन्हात वाळवून, नवं गवत घालूनच दोघींना आत ठेवलं. पुढं कधी कधी गुरगुर व्हायची, पण दात लागला नाही. मखमल पुन्हा गुबगुबीत झाली.

पाऊस झाल्यावर छावणी उठली. गौसियाला बीडला एका औषधाच्या दुकानात नोकरी लागली. ती निघाली त्या दिवशी खोकं टेम्पोत मागं ठेवायला निघालो, तर सत्यभामाकाकू पुढं माझ्या शेजारी चढून बसल्या. खोकं मांडीवर. मी म्हटलं, काकू, बीडपर्यंत हात दुखतील. खड्डा आला की खोकं उचलून धरायच्या.

बीडात गौसियाची खोली वरच्या मजल्यावर होती. काकू जिना चढून गेल्या, खोकं कुठं ठेवायचं ते बघितलं, घरमालकिणीशी गप्पा मारल्या, कपभर चहा घेतला. गौसिया गळ्यात पडली तेव्हा तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "मालकीण चांगली हाय. पन लगीच लई जवळ जाऊ नको. दमानं."

मग खाली येऊन टेम्पोत बसल्या आणि मला म्हणाल्या, "बंकट, चल आता लवकर. धारांचा टाइम झाला."