अकरा मिनिटांचा फोन

भोरच्या एसटी स्टँडसमोर एका माडीवर बसून आम्ही चौघं सौर पंपांच्या तक्रारी फोनवर ऐकतो. वयाने मी थोरला. महिन्याच्या तक्त्यावर विश्वास ठेवायचा, तर कामाने सगळ्यात चपळही मीच. माझा फोन सरासरी तीन मिनिटांचा. तो तक्ता मी मोठ्या अक्षरांत छापून भिंतीला लावला होता, लाज कसली!

तळाला वेल्ह्याहून येणारी मुलगी. सरासरी अकरा मिनिटं.

"पुढच्या महिन्यात पाचाच्या आत आली नाही, तर दुसरं माणूस बघू," पुण्याचे साहेब म्हणाले. मुलीने ऐकलं आणि हातातला डबा न उघडताच पिशवीत ठेवला.

त्या डब्याने मला स्वस्थ बसू दिलं नाही. तिच्या एका फोनचं रेकॉर्डिंग लावलं. उत्रोलीचे आजोबा. तीन मिनिटांत पंप सुरू. "लई बरं झालं, पोरी." मग म्हशीच्या गळ्यातली घंटा, आजोबांचं खोकणं, "च्या टाक गं!" फोन चालूच ठेवून त्यांनी खिशात घातलेला. आठ मिनिटं नुसता संसार!

"अगं, तू का नाही ठेवलास?"

"थोरल्या मानसाच्या आधी आपन कसा ठिवायचा, काका?"

तेव्हा कुठे मला तक्त्याचं गणित उमगलं. बोलणं किती झालं हे तो बघतच नाही. फोन उचलल्यापासून कट होईपर्यंतची सगळी मिनिटं गोळा करतो आणि फोनांच्या संख्येने भागतो. मग माझेही फोन ऐकले. लोक 'राम राम' म्हणायच्या आतच मी कट करत होतो.

साहेबांना म्हशीसकट सगळं ऐकवलं. ते हसले, पण म्हणाले, "आकडा मशीन काढतं. तो खाली आणा."

मी डोक्याला टॉवेल गुंडाळून आजोबा झालो, तालीम घेतली. तिचं बोट बटणाशी जाऊन परत यायचं. शेवटी तिनेच तोड काढली. दर फोनला शेवटी सांगायची, "आजोबा, आता ते लाल बटन तुमीच दाबा. मी हाय हितं."

महिनाअखेर ती चार मिनिटांवर आली. मी पाचावर, आता राम राम पुरता ऐकतो ना! तक्ता मात्र भिंतीवरून काढला नाही.

परवा ती तणतणत माझ्याकडे आली. "उत्रोलीच्या आजोबांनी मधीच ठिवला, काका! माझं बोलनं बी पुरं होऊ दिलं न्हाई!"

आणि खुदकन हसून तिने डबा उघडला, अर्धी भाकरी माझ्यापुढे सरकवली.