फाइलमध्ये नसलेल्या फेऱ्या

ते रुग्णालयात फाइली सांभाळत; सगळे त्यांना टाचणीकाका म्हणत. विमा कंपनीची तपासणी जवळ आली की ते जुन्या फाइली काढून बसत आणि डॉक्टरांची नोंद राहिली असेल तिथे चिठ्ठी टाचत, म्हणजे डॉक्टर उत्तराची तयारी करत. थोरल्या डॉक्टरांच्या फाइलींना टाचण्या पुरत नसत. त्यांच्या हाताला गुण होता, पण लिहिण्याचा भारी कंटाळा. आणखी एक शेरा बसला, तर कंपनीच्या यादीतून त्यांचं नाव जाणार होतं.

यंदा तपासणीसाठी नेमकी काकांच्या बायकोची फाइल निघाली. न्यूमोनियाने ती अकरा दिवस दाखल होती. थोरले डॉक्टर दिवसातून तीनदा येत, हे काकांनी उशाशी बसून पाहिलं होतं. नोंदी मात्र चारच दिवसांच्या होत्या.

"द्या इकडे, आत्ता लिहून टाकतो," डॉक्टर म्हणाले.

"मागची तारीख घालून? ते खोटं ठरेल, साहेब."

"अहो, मी आलो नव्हतो का?"

"आलात म्हणून तर ती आज मला रागवायला घरी आहे!"

तपासणीच्या दिवशी काका न राहवून तपासनीसबाईंना म्हणाले, "मी स्वतः पाहिलंय, बाई."

"असेल हो. पण लिहिलंय कुठे?"

वीस वर्षं हाच प्रश्न काका डॉक्टरांना विचारत आले होते. बाईंनी शेरा लिहिला.

बाहेर आल्यावर डॉक्टरांनी काकांच्या खांद्यावर हात ठेवला. "वहिनींचा खोकला कसा आहे आता?"