पडद्याच्या फटीतलं माप

त्या दुकानात गिऱ्हाइकाच्या अंगाला टेप म्हणून लागत नसे. बायका काचेचं दार ढकलून आत यायच्या, आरशासमोर उभ्या राहायच्या. मालक दोन हात लांब उभा राहून म्हणायचा, "मॅडम, जरा वळा. हं. आता हात थोडा वर." आणि मागच्या निळ्या पडद्याच्या फटीतून आवाज यायचा, "कंबर एकतीस. उजवी बाही अर्ध्या इंचानं लांब घ्या."

बायका एकमेकींकडे बघायच्या. मालक हात चोळत सांगायचा, "आमच्या नजरबाईची करामत. टेप चुकेल, ती नाही चुकायची."

टेप का नाही, हे मात्र कुणी विचारत नसे.

नजरबाई नदीपलीकडची. पलीकडच्या लोकांचा रंग वेगळा, नाकाची ठेवण वेगळी. अलीकडे राहायला येऊन पिढ्या उलटल्या, तरी रस्त्यात समोरून येणारा माणूस आधी चेहरा वाचायचा आणि मग पिशवी काखेत घट्ट धरायचा. नजरबाई दुकानात लागली तेव्हा विशीत होती. पहिल्याच आठवड्यात तिनं एका बाईच्या कमरेभोवती टेप फिरवली, तर ती बाई अंगावर पाल पडल्यासारखी आक्रसली. तिच्याशी बोललीसुद्धा नाही. मालकाला म्हणाली, "हिला सांगा, हात नको."

मालकानं माफी मागितली. त्या बाईची.

मग आत येऊन म्हणाला, "मनावर घेऊ नकोस गं. गिऱ्हाईक आहे, त्यांचंही बघावं लागतं. तू मागच्या पडद्याआडून, लांबूनच बघत जा. जमेल हळूहळू."

जमलं. न जमून सांगते कुणाला? घरी येऊन ती दाराची चौकट, शेजारणीची पाठ, झोपलेल्या नवऱ्याचं पोट, जे दिसेल त्याचं माप मनात धरायची आणि मग टेप लावून पडताळायची. नवरा झोपेतच कुरकुरायचा, "मी मेलो की काय, माप कसलं घेतेस?" पुढं पुढं टेप आणि नजर यांच्यात भांडण होईनासं झालं. दुकानाचं नाव झालं. आणि चीड आणणारी गोष्ट हीच, की तिला स्वतःलाही त्याचा अभिमान वाटू लागला होता. 'हात नको' म्हणणाऱ्या त्या बाईचा चेहराही ती विसरली होती. निदान असं तिला वाटत होतं.

तिची पोरगी शिवणाचा कोर्स करून बाहेर पडली तेव्हा मालक स्वतःहून म्हणाला, "सोमवारपासून पाठव तिला. आजपासून नजर शिकव. तुझ्यामागे दुकान चालायला नको?"

त्या संध्याकाळी पोरगी जेवता जेवता म्हणाली, "आई, पण पडद्यामागे का उभं राहायचं?"

"गिऱ्हाइकाला संकोच वाटतो."

"कशाचा?"

नजरबाईनं पाण्याचा पेला उचलला, परत ठेवला. "आपल्या हाताचा."

घरात हे वाक्य आजवर कुणी उच्चारलं नव्हतं. नवऱ्यानं मान खाली घातली. पोरगी मात्र आईच्या हातांकडे बघत राहिली.

"आणि ते कपडे शिवून कोण देतं? त्यांची मावशी?"

"जेव आता."

"जेवतेय. पण सांग ना. कपडा अंगाला चालतो, हात चालत नाही, असं कसं?"

नजरबाईनं भाकरीची टोपली पोरीपुढं सरकवली. ती रात्रभर कूस बदलत राहिली, आणि सोमवारपर्यंतच्या दिवसांत तिनं पोरीला नजर शिकवायला एकदाही समोर बसवलं नाही.

सोमवारी दोघी मागच्या दारानं दुकानात पोचल्या तेव्हा पुढच्या भागात आरडाओरडा चालू होता. बँकेतल्या मॅडम नव्या कोटात आरशासमोर उभ्या होत्या. मुलीच्या लग्नात घालायचा कोट. महागाचं कापड, आणि डावा खांदा असा लोंबत होता, की कोट खुंटीला एका कानानं टांगल्यासारखा वाटावा.

"परवा लग्न आहे माझ्या घरी," मॅडम म्हणत होत्या. "मी हे घालून उभी राहू?"

मालक पडदा बाजूला करून आत आला. आवाज खाली, दात आवळलेले. "काय करून ठेवलंस? डोळे गेले का तुझे? पोरीला आजपासून फटीशी उभी कर. तुझी नजर म्हातारी झाली."

नजरबाईनं फटीला डोळा लावला. ट्रायल रूमचं दार अर्धवट उघडं होतं, आणि खुंटीवर मॅडमचं रोजचं जाकीट उलटं लटकत होतं. त्याच्या डाव्या खांद्यात आतून जाडसर गादी शिवलेली. मॅडमचा डावा खांदा मुळात उतरता होता. माप दिलं त्या दिवशी तो गादीच्या आड होता. आज कोटाखाली नुसता पातळ ब्लाउज. हात लागला असता तर बोटांना पहिल्याच क्षणी कळलं असतं.

ती पडद्याबाहेर आली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा, दुकानाच्या पुढच्या भागात, उजेडात. मॅडमनी तिला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि अर्धं पाऊल मागं सरकल्या.

"मालक," नजरबाई म्हणाली, "कोट दुरुस्त होतो. उसवते, उद्या देते. पण माप नीट घ्यावं लागेल. टेपनं."

"तू आत जा. आतून बघ."

"आतून बघितलं म्हणूनच हे झालं."

"मग पोरीला बघू दे. नवी नजर आहे."

"तिला नजर येत नाही."

"म्हणजे?"

"शिकवलीच नाही. तिला फक्त टेप येते. हातानं."

मालकाचा चेहरा पडला. "अगं, एवढी कला. तुझ्याबरोबर बुडवणार?"

"बुडू दे," ती म्हणाली. "मालक, ती कला नव्हती. त्या बाईच्या 'हात नको'वरून तुम्ही मला पडद्यामागे उभं केलंत, त्यावर मी घातलेली शिवण होती. आता उसवते."

काउंटरपाशी थांबलेली दुसरी दोन गिऱ्हाइकं एकाएकी बटणांच्या डब्यात फार रस घेऊ लागली.

मॅडम म्हणाल्या, "हा काय तमाशा आहे? मालक, तुम्हीच घ्या ना माप."

मालक गोंधळला. बायकांच्या अंगाला त्यानं कधी टेप लावली नव्हती आणि त्याच्याकडून लावून घेणं मॅडमनाही चालणार नव्हतं. हे दोघांच्याही एकदमच लक्षात आलं. राहिले चार हात. दोन आईचे, दोन मुलीचे.

"मॅडम," नजरबाई पुढं होऊन, त्यांनाच ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "खांद्याचं मी कुणाला बोलणार नाही. पण हात लागल्याशिवाय तो मला दिसणार नाही. नको असेल तर कापड घेऊन जा. दुसरीकडे शिवा."

मॅडमचा हात आपोआप डाव्या खांद्याकडे गेला.  मग खाली आला.

"घ्या लवकर," त्या भिंतीकडे बघत म्हणाल्या.

पोरीनं टेप लावली. खांदा, पाठ, बाही. माप ती मोठ्यानं, स्पष्ट सांगत गेली. मॅडम श्वास रोखून उभ्या होत्या. लस टोचून घेताना माणूस राहतो तशा.

टेप सुटली तसा मालक लगबगीनं मोरीकडे गेला आणि ओला नॅपकिन घेऊन आला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्यानं तो अदबीनं मॅडमपुढं धरला.

मॅडमचा हात पुढं येणार, तेवढ्यात नजरबाईनं नॅपकिन मधल्या मधे घेतला. घडी उलगडली आणि पोरीच्या हातात दिला.

"हात पूस," ती म्हणाली. "घाम आलाय तुला. कुणाकुणाला हात लावावा लागतो आपल्याला."

पोरीनं हात पुसले. एक एक बोट, सावकाश. मालक काही बोलायच्या आत नजरबाईनं स्टूल ओढलं, त्यावर चढली आणि निळ्या पडद्याच्या कड्या दांडीवरून एकेक करून काढू लागली.